मासळीचा ताजेपणा बाजारात नव्हे, बोटीवर ठरतो

बंदरकाठ (धागालेखक)

बाजारात मासळी निवडताना आपण कल्ले उघडून पाहतो, पोटावर बोट दाबतो आणि वास घेतो. हे निकष पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आले आहेत आणि प्रयोगशाळेतही त्यांना मान आहे. मात्र पाटीसमोर उभे राहून आपण पाहतो तो निकाल असतो. तो ठरवणाऱ्या गोष्टी त्याआधी दहा-बारा तास, कधी चार-पाच दिवस, समुद्रावर घडून गेलेल्या असतात. मी कोकणातल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतो. या विषयावर आपल्या देशातही उत्तम संशोधन झालेले आहे, पण ते तांडेलापर्यंत, कोळणीपर्यंत आणि ग्राहकापर्यंत फार कमी पोचते, म्हणून हा धागा काढत आहे.

मासा मेला म्हणून त्याच्या शरीरातली सगळी कामे लगेच थांबत नाहीत. श्वास बंद झाल्यावरही स्नायू साठवलेले ग्लायकोजेन (शर्करेचा साठा) वापरत राहतात, त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होते, आणि पेशींची ऊर्जा वाहणारा एटीपी हा रेणू संपत आला की मासा ताठरतो. ज्या मासळीने जाळ्यात तासन्‌तास धडपड केली आहे तिचे ग्लायकोजेन डेकवर येण्याआधीच संपलेले असते. ती लवकर ताठरते, लवकर सैल पडते आणि तिचे पुढचे सगळेच वेळापत्रक अलीकडे सरकते. एटीपीचे विघटन टप्प्याटप्प्याने होते. मधल्या टप्प्यावर आयएमपी नावाचा पदार्थ साठतो आणि ताज्या मासळीची गोडसर, भरीव चव बरीचशी त्याच्यामुळे असते. पुढे त्याचे इनोसीन आणि मग हायपोझँथीन होते, आणि हायपोझँथीन चवीला कडवट असते. या साखळीत मासा कुठवर आला आहे हे टक्केवारीत सांगणारे ‘के-मूल्य’ जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये मांडले. ते २० टक्क्यांच्या आत असेल तर मासा कच्चा खाण्याजोगा ताजा समजतात.

इथपर्यंत जिवाणूंचा फारसा संबंध आलेला नसतो, ही बाब बहुतेकांना ठाऊक नसते. वास येऊ लागण्याच्या बऱ्याच आधी चव उतरलेली असते. जिवाणूंचे काम नंतर सुरू होते. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड हा वासरहित पदार्थ असतो. काही जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला मासळीचा उग्र वास म्हणतो तो मुख्यतः याचाच. रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत हा मूळ पदार्थ नगण्य असल्यामुळे त्यांचा शिळेपणा वेगळ्या वासाने कळतो. मुशीची गोष्ट आणखी निराळी आहे. तिच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि त्याचा अमोनिया होतो, म्हणून ती थोडी जरी उशिरा बर्फात गेली तरी नाकाला झोंबते.

आता मुद्द्याकडे येतो. या सगळ्या क्रियांचा वेग तापमानावर चालतो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बसवलेले एक साधे सूत्र आमच्या क्षेत्रात सर्वत्र वापरतात: अंश सेल्सियसमधल्या तापमानाचा दहावा भाग घ्यायचा, त्यात एक मिळवायचा आणि त्याचा वर्ग करायचा. उत्तर येते ते शून्य अंशाच्या तुलनेत मासा किती पट वेगाने खराब होतो याचे. ५ अंशांवर हा वेग सव्वादोन पट होतो आणि १० अंशांवर चौपट. म्हणजे घरगुती फ्रिजमध्ये ठेवलेला मासा सुद्धा बर्फात गाडलेल्या माशाच्या मानाने दुपटीहून लवकर उतरतो. हे सूत्र थंड समुद्रातल्या मासळीवरून बसवलेले आहे. आपल्या मासळीच्या अंगावरचे बहुतेक जिवाणू कोमट पाण्याला सरावलेले असतात आणि शून्याजवळ ते जवळजवळ ठप्प होतात, म्हणून आपल्याकडे बर्फाचा फायदा याहूनही मोठा आहे.

बर्फ किती लागतो याचाही हिशेब मांडता येतो. २८ अंशांवरचे दहा किलो बांगडे शून्यावर आणायला सुमारे २४० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, आणि एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे केवळ मासा गार करायलाच तीन किलो बर्फ गेला. बाकीचा बर्फ हवेशी, डेकच्या उष्णतेशी आणि पेटीच्या भिंतींशी झुंजण्यात जातो. म्हणूनच उष्ण प्रदेशात एका किलो मासळीला एक किलो बर्फ हे प्रमाण सांगितले जाते. मासळी तीन तास उन्हात पडल्यावर धक्क्यावर लादी फोडून तिच्यावर चुरा टाकणे म्हणजे वरातीमागून घोडे आहे.

या धाग्यावर शोभिवंत माशांची पैदास करणाऱ्यांनीही लिहावे अशी माझी मुद्दाम विनंती आहे. ताटातला मासा आणि टाकीतला मासा ही दोन वेगळी क्षेत्रे मानली जातात, महाविद्यालयांत त्यांचे विभागही वेगळे असतात. पण पाण्यातून काढलेल्या माशाच्या शरीरात काय घडते हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि जिवंत मासा दूरवर पाठवणाऱ्यांना त्याचे उत्तर आमच्यापेक्षा अधिक नेमके माहीत असते असे मला वाटते.

हर्णैची लेक

लेख आवडला आणि हिशेब तर फारच उपयोगी आहे. तरीही एक बाजू राहिली आहे असे वाटते. माझी आई आणि मावशी आयुष्यभर मासळी विकत आल्या आहेत. आमच्याकडे येणारे निम्मे गिऱ्हाईक पाटीकडे पाहून पहिला प्रश्न विचारते तो “बर्फातली तर नाही ना?” असा. बर्फ दिसला की मासळी शिळी, ही समजूत इतकी पक्की आहे की विकणारी बाई बर्फ खाली ठेवते, वरची मासळी उघडी मांडते आणि तीवर नुसते पाणी शिंपडत राहते. ते पाणी कोमट असते. चार तासांत वरचा थर उतरतो, आणि मग संध्याकाळी तोच माल निम्म्या भावाने द्यावा लागतो. बर्फ न वापरण्याचा दोष विक्रेतीवर येतो, पण तो वापरू न देणारे गिऱ्हाईकच असते.

दुसरे असे की रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मासळी किनाऱ्यावर जिवंत येते. तिच्याइतका ताजा माल दुसरा नाही. पण तीच मासळी तापलेल्या वाळूवर लिलाव होईपर्यंत पडून राहते. तिथे एक ताडपत्रीची सावली आणि बर्फाच्या दोन पेट्या असत्या तरी केवढा फरक पडला असता. बोटीवर ठरते हे खरे आहे. पण बोटीवरून उतरल्यानंतरचा पहिला तासही तितकाच मोलाचा आहे असे मी म्हणेन.

बंदरकाठ

ताई, आपले म्हणणे अक्षरशः मान्य आहे आणि धाग्याच्या मथळ्यात “किनाऱ्यावर” हा शब्दही हवा होता. बर्फाविषयीच्या समजुतीला एक कारण आहे, तेही सांगतो. बर्फाशी थेट संपर्क आला की माशाचा डोळा धुरकट होतो, आणि वितळलेल्या पाण्याने धुपून कल्ल्यांचा लाल रंग फिका पडतो. त्यामुळे नीट बर्फात ठेवलेला चांगला मासा दिसायला मलूल वाटतो, आणि चार तास उघड्यावर ठेवून पाणी मारलेला मासा चकचकीत दिसतो. डोळा आणि रंग या दोनच गोष्टींवर भर देणारे गिऱ्हाईक अशा वेळी हमखास फसते.

म्हणूनच संशोधकांनी एकाच लक्षणावर विसंबण्याचे सोडून गुणांकन पद्धत तयार केली. कातडी, डोळा, कल्ले, पोट, मांसाचा घट्टपणा अशा प्रत्येक गोष्टीला शून्यापासून दोन किंवा तीनपर्यंत दोषगुण द्यायचे आणि बेरीज करायची. बर्फात जितके दिवस गेले तितकी ही बेरीज साधारण सरळ रेषेत वाढते. प्रत्येक जातीचा तक्ता वेगळा असतो, कारण बांगड्याचे पोट आधी फुटते तर पापलेट बराच वेळ शरीराने टिकून राहते.

घरच्या गिऱ्हाइकाने काय पाहावे असे विचाराल तर मी कल्ल्याचा रंग बाजूला ठेवून कल्ल्यावरचा चिकट द्रव पाहीन. तो ताज्या माशात पारदर्शक आणि बोटाला निसरडा असतो. मासा उतरू लागला की तो दुधट होतो, नंतर पिवळसर आणि घट्ट. त्याचा वास ताज्या माशात समुद्री शेवाळासारखा येतो. त्यानंतर शेपटीकडून मासा आडवा धरून तो ताठ राहतो की लोंबतो ते पाहीन, आणि शेवटी गुदद्वाराजवळचा भाग. तिथे स्राव झिरपत असेल किंवा पोट मऊ लागत असेल तर डोळे कितीही चमकत असोत, तो मासा मी घेणार नाही.

शेवाळ

बंदरकाठ यांनी बोलावले म्हणून लिहितो. मी सिंधुदुर्गात गेली अनेक वर्षे शोभिवंत मासे वाढवतो; गोल्डफिश, फायटर आणि गप्पी हे मुख्य.

जिवंत मासा पाठवताना आमची सगळी धडपड अमोनियाशी असते. पिशवीत मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतच असतो, म्हणून पाठवण्यापूर्वी त्याला एक ते दोन दिवस उपाशी ठेवतात. पिशवीचा एक तृतीयांश भाग पाण्याने आणि उरलेला ऑक्सिजनने भरतात, एकात एक दोन पिशव्या घालतात, आणि खालचे कोपरे रबराने बांधून टाकतात, नाहीतर लहान मासा कोपऱ्यात अडकून चिरडतो. पेटी थर्माकोलची असते आणि पाणी नेहमीपेक्षा काही अंश गार ठेवतात, कारण तापमान उतरले की श्वासही मंदावतो आणि घाणही कमी होते.

यातली एक बारीक गोष्ट नव्या लोकांना माहीत नसते आणि तिच्यापायी पुष्कळ मासे मरतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांतले एकच रूप फार विषारी असते. २५ अंशांच्या पाण्यात सामू (पीएच) ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की पाच टक्के, आणि ९ झाला की एक तृतीयांशाहून अधिक. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू खाली येतो, त्यामुळे अमोनिया वाढला तरी मासा तग धरतो. घरी आणून आपण पिशवी उघडतो, वायू निघून जातो, सामू वर चढतो आणि तेवढाच अमोनिया काही मिनिटांत घातक होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, तापमान जुळले की उघडावी आणि मासे लगेच जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवी उघडी टाकून तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसणे हे लांबच्या प्रवासानंतर मासे मारण्याचे काम आहे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये हे तर सांगायलाच नको.

आता ताटातल्या माशाबद्दल. दमलेला, घाबरलेला गोल्डफिश मी विक्रीला पाठवत नाही, कारण तो वाटेत मरतो. दमलेला बांगडा बाजारात लवकर उतरतो असे आपण लिहिले आहे, आणि मला दोन्हींचे कारण एकच दिसते.

ओसाकावासी

इथे जपानमध्ये नोकरीनिमित्त राहत असल्यामुळे शेवाळ यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा देतो. ‘इकेजिमे’ नावाची इथली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. मासा जिवंत असतानाच डोक्यात टोचा मारून मेंदू तत्क्षणी निकामी करतात, कल्ल्यांजवळ आणि शेपटीपाशी छेद देऊन रक्त काढून टाकतात, आणि पाठीच्या कण्यातून बारीक तार घालून मज्जारज्जू नष्ट करतात, जेणेकरून स्नायूंना धडपडण्याची आज्ञाच मिळू नये. त्यानंतर मासा गार पाण्यात जातो. एटीपी वाचतो, ताठरणे कित्येक तासांनी लांबते आणि चवीचा मधला टप्पा दीर्घ होतो. मला वाटते, आपल्याकडे गळाने पकडलेली मोठी सुरमई किंवा कुपा (ट्यूना) यांच्यासाठी ही पद्धत सहज शक्य आहे. टनावारी येणाऱ्या तारलीसाठी अर्थातच नाही.

बंदरकाठ

सुरमई आणि कुपा यांचे नाव निघाले म्हणून एक गंभीर गोष्ट लिहितो, कारण ती आरोग्याची आहे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा, गेदर या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासळी गरम हवेत काही तास राहिली तर जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, कधी जिभेला तिखट चुरचुर जाणवते. माणसे समजतात की आपल्याला माशाची ॲलर्जी आहे आणि मासे सोडतात. प्रत्यक्षात तो एक मासा उन्हात राहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने किलोमागे २०० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे.

हिस्टामीन एकदा तयार झाले की शिजवून, तळून, गोठवून किंवा खारवून ते जात नाही. कोकमाच्या आगळाने किंवा लिंबाने वास जातो, कारण आम्लामुळे वासाचे अमाइन हवेत उडत नाही. पण हिस्टामीनला आगळाने काहीही होत नाही. तेव्हा वासाचा मासा आगळ लावून चालवून घेण्याची सवय बांगड्याच्या बाबतीत तरी सोडावी.

मांडवीपल्याड

मी गोव्याचा. आमच्याकडे जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मलिन असल्यावरून मोठा वाद झाला आणि राज्याने काही दिवस बाहेरच्या मासळीची आयात बंद ठेवली होती. तेव्हापासून घरात मासे आणताना मनात शंका असतेच. फॉर्मलिन ओळखण्याची काही खात्रीची पद्धत आहे का? माश्या बसत नसतील तर फॉर्मलिन आहे, असे सगळे सांगतात.

बंदरकाठ

माश्या बसणे न बसणे ही खात्रीची कसोटी नव्हे. बर्फाच्या गारव्यानेही माश्या दूर राहतात. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मलिन आणि अमोनिया ओळखण्यासाठी कागदी पट्टीच्या झटपट चाचण्या तयार केल्या आणि त्या २०१८ च्या सुरुवातीला लोकांसमोर आणल्या. प्राथमिक चाळणीसाठी त्या चांगल्या आहेत.

पण या वादात एक शास्त्रीय गुंता आहे आणि तो सर्वांनी समजून घ्यायला हवा. सुरुवातीला ज्या ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडचा उल्लेख केला, त्याचे काही माशांत जिवाणूंऐवजी माशाच्याच अंगातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) विघटन होते, आणि त्यातून नैसर्गिकरीत्या फॉर्मल्डिहाइड तयार होते. कॉडच्या कुळात हे होते, आणि आपल्या बोंबलातही होते. त्यामुळे कोणीही काहीही न मिसळलेल्या बोंबलात फॉर्मल्डिहाइड सापडू शकते, आणि केवळ “सापडले” एवढ्यावरून कोळणीला दोषी ठरवता येत नाही. किती सापडले, कोणत्या जातीत सापडले आणि मासा कसा साठवला होता, हे तिन्ही पाहावे लागते. याचा अर्थ भेसळ होत नाही असा मुळीच नाही. भेसळ करणाऱ्यावर कठोर कारवाई व्हायला हवी, पण ती टिकायची असेल तर चाचणी जातीनिहाय असायला हवी.

कोळंबीचे टरफल

नमस्कार. मी मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. ताटातला मासा आणि टाकीतला मासा यांना जोडणारा आणखी एक धागा सांगावासा वाटतो. माझ्या अभ्यासाचा विषय तोच आहे.

गोल्डफिश, कोई किंवा प्लॅटी यांचा लाल-केशरी रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे असतो आणि ही द्रव्ये मासा स्वतः तयार करू शकत नाही. ती खाद्यातूनच यावी लागतात. घरच्या टाकीत काही महिन्यांत मासा फिका पडतो तो बहुधा याच कारणाने. यांतले सर्वांत परिणामकारक द्रव्य म्हणजे ॲस्टाझँथिन, आणि ते कोळंबीच्या टरफलात आणि डोक्यात असते. कोळंबी शिजवल्यावर लाल होते ती त्याच्यामुळेच. कच्च्या कोळंबीत ते प्रथिनाला बांधलेले असल्याने रंग राखाडी-निळसर दिसतो, आणि उष्णतेने प्रथिन सुटले की खरा रंग उघडा पडतो.

सोलून पाठवायच्या कोळंबीचा वजनाने जवळपास निम्मा भाग कारखान्यात कचरा म्हणून निघतो. त्याच टरफलांत कायटिन हा कवचाचा चिवट पदार्थ असतो, त्यापासून कायटोसान करतात, आणि कायटोसानचा पातळ लेप दिल्यास मासळीच्या तुकड्यांवर जिवाणूंची वाढ मंदावते हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे एकाच कचऱ्यातून एकीकडे ताटातला मासा टिकवण्याचा लेप आणि दुसरीकडे टाकीतला मासा रंगवण्याचे खाद्य मिळते. हे दोन्ही उद्योग आपल्या किनाऱ्यावर शेजारी शेजारी असूनही हा कचरा बहुतेक ठिकाणी खड्ड्यात किंवा खाडीत जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. झेंडूच्या पाकळ्या आणि स्पिरुलिना यांवरही असे प्रयोग झाले आहेत आणि त्यांनीही रंग सुधारतो.

नवखा मत्स्यप्रेमी

धागा वाचून घरच्या गच्चीवर लहान प्रमाणात पैदास सुरू करावी असे वाटू लागले आहे. कोणत्या माशापासून सुरुवात करावी? आमच्या नगरपालिकेकडून डासांसाठी गप्पी मासे मिळतात, तेच वाढवले तर चालतील का?

शेवाळ

नगरपालिकेचे गप्पी डासांच्या अळ्या खाण्यासाठी उत्तम आहेत, पण विक्रीसाठी नाहीत. रंग साधा असतो आणि त्यांचा वंश मिसळलेला असतो. रंगीत शेपटीच्या शुद्ध वाणाच्या जोड्या खात्रीच्या पैदासकाराकडून घ्याव्यात.

गप्पीत वाण राखणे हेच खरे कौशल्य आहे. मादी पिले घालते, अंडी नव्हे, आणि साधारण चार आठवड्यांनी एक वेत होते. एकदा संग झाला की ती नराचे शुक्राणू काही महिने शरीरात साठवून ठेवते आणि पुढे नर नसतानाही वेत देत राहते. त्यामुळे मादी एकदा भलत्या नराबरोबर राहिली की पुढच्या कित्येक वेतांचा भरवसा उरत नाही. पिलांमधले नर त्यांच्या गुदपराच्या आकारावरून ओळखू येतात. तो पर मादीत पंख्यासारखा राहतो आणि नरात अरुंद होऊन टोकदार दांडीसारखा दिसू लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रोज भिंग घेऊन पाहावे आणि नर दिसताच वेगळे करावेत. रंगाचे अनेक नमुने बापाकडून थेट मुलग्यांकडे जातात, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९२० च्या सुमारास गप्पीवरच दाखवून दिले होते. म्हणून नराची निवड डोळ्यांनी करता येते, पण मादीची निवड तिच्या भावांवरून करावी लागते. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली तर मासे लहान आणि नाजूक होत जातात. दोन-तीन वेगळ्या ओळी सांभाळून मधूनमधून अदलाबदल करावी.

फायटरचे गणित वेगळे आहे. नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो, आणि दीड-दोन दिवसांत पिले बाहेर येतात. अंडी घालून झाल्यावर मादी लगेच काढावी लागते, आणि पिले आडवी पोहू लागली की नरही. खरी कसोटी त्यानंतरच्या आठवड्यात असते, कारण पिलाचे तोंड इतके लहान असते की त्याला सुरुवातीला पाण्यातले सूक्ष्मजीव आणि मग नुकतीच उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) द्यावी लागते. बहुतेकांची पिले इथेच उपाशी मरतात.

गोल्डफिश आणि कोई यांना पाणवनस्पतीच्या मुळांवर किंवा नायलॉनच्या झुपक्यांवर चिकट अंडी घालू देतात. न घातल्यास संप्रेरकाचे इंजेक्शन देतात. हे तंत्र आपल्या देशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प माशांवर यशस्वी केले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज शोभिवंत माशांची जी मोठी उबवणी केंद्रे उभी आहेत त्यांच्या मुळाशी तेच काम आहे.

खर्चाबद्दल विचारणार असाल तर २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य-घटकाला सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के साहाय्य ठरले होते. सध्याची स्थिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावी. आणि एक कळकळीची विनंती: नको झालेले मासे ओढ्यात, तळ्यात, धरणात सोडू नका. टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा आज उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही.

हर्णैची लेक

कोळंबीच्या टरफलाबद्दल विचारायचे आहे. आमच्याकडे सोलणीचे काम बायकाच करतात आणि टरफले रोज निघतात. ती उन्हात वाळवून शेवाळ यांच्यासारख्यांना विकता येतील का? डोकी काळी पडतात, ती चालतात का?

कोळंबीचे टरफल

ताई, डोके काळे पडणे हे कोळंबीच्या स्वतःच्या विकराचे काम आहे, जिवाणूंचे नव्हे, त्यामुळे फक्त काळेपणावरून माल कुजला असे म्हणता येत नाही. मात्र ते विकर बर्फातही पूर्ण थांबत नाही, म्हणून काळेपणा रोखायला कारखाने सोडियम मेटाबायसल्फाइट हे रसायन पाण्यात घालून वापरतात. तसे पाणी लागलेली टरफले असतील तर ती वेगळी ठेवावीत आणि घेणाऱ्याला तसे सांगावे.

कडक उन्हात मात्र वाळवू नये. ॲस्टाझँथिन प्रकाश, उष्णता आणि हवा या तिन्हींनी नष्ट होते. दोन दिवस उन्हात पडलेल्या टरफलांचा लाल रंग उडून ती पांढुरकी दिसू लागतात, आणि तेव्हा त्यांत खाद्याच्या दृष्टीने फारसे काही उरलेले नसते. सोलणी झाल्यावर टरफले लगेच बर्फात ठेवावीत, त्याच दिवशी उकळत्या पाण्यातून काढावीत आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरून वाळवावीत. मग भरडून, हवाबंद डब्यात अंधारात ठेवावीत. पावसाळ्यात वाळवणे जमत नसेल तर आम्ल घालून मुरवण्याची पद्धत आहे, पण टरफलातला चुना आम्ल खाऊन टाकतो, त्यामुळे माशाच्या कचऱ्यापेक्षा आम्ल जास्त लागते आणि सामू ४ च्या खाली गेला आहे हे पट्टीने तपासावे लागते. हे काम हातमोजे घालूनच करावे.

खाद्यात भुकटी थोडीच घालावी लागते, कारण तीत चुना आणि कायटिन फार असते आणि माशाला ते पचत नाही.

शेवाळ

सावलीत वाळवलेला, रंग टिकलेला माल असेल तर मी स्वतः घेईन आणि ओळखीच्या पैदासकारांनाही कळवीन. सुरुवातीला थोडाच पाठवा. गोल्डफिशच्या दोन टाक्या शेजारी ठेवतो, एकीत भुकटी मिसळलेले खाद्य, दुसरीत नेहमीचे, आणि दोन महिन्यांनी दोन्ही टाक्यांची छायाचित्रे याच धाग्यावर टाकतो.

हर्णैची लेक

पाठवते. सोलणीच्या ठिकाणी बर्फाची एक वेगळी पेटी टरफलांसाठी ठेवायला आजच सांगते.